ऑनलाइन पोकरचा डिपॉझिट बोनस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोकर साइटवर खातं उघडायला गेलं की पहिली पाटी हीच दिसते: ‘पहिल्या डिपॉझिटवर १०० टक्के बोनस, ६०० डॉलरपर्यंत.’ या एका ओळीवरून नवख्या खेळाडूंचे जेवढे गैरसमज होतात, तेवढे पत्त्यांच्या नियमांवरूनही होत नसतील. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. आकडे डॉलरमध्ये आहेत, कारण बहुतेक आंतरराष्ट्रीय साइट हिशोब डॉलरमध्येच करतात.

मी २०० डॉलर भरले आणि बोनस १०० टक्के आहे. म्हणजे खात्यात ४०० डॉलर दिसणार का?

नाही. खात्यात २०० दिसतील आणि बाजूला कुठेतरी ‘प्रलंबित बोनस: २००’ असं लिहिलेलं असेल. ते दुसरे २०० अजून तुमचे झालेले नाहीत. ते टेबलवर नेता येत नाहीत आणि काढताही येत नाहीत. तुम्ही पैसे लावून खेळत जाल तसे ते हप्त्याहप्त्याने सुटतात. हप्ता कुठे ५ डॉलरचा असतो, कुठे १० चा. सुटलेला हप्ता बहुतेक ठिकाणी रोख म्हणून जमा होतो आणि त्यावर आणखी अट नसते.

‘६०० डॉलरपर्यंत’ ही कमाल मर्यादा झाली. ८०० भरले तरी बोनस ६०० चाच, आणि ५० भरले तर ५० चा.

हप्ता सुटण्यासाठी नेमकं काय करावं लागतं? जिंकावं लागतं का?

जिंकण्या-हरण्याचा संबंध नाही. संबंध आहे रेकशी. पोकरमध्ये तुम्ही साइटविरुद्ध खेळत नाही, समोरच्या खेळाडूंविरुद्ध खेळता. साइटची कमाई म्हणजे प्रत्येक पॉटमधून, म्हणजे एका डावात सगळ्यांनी मिळून लावलेल्या पैशांतून, कापलेला वाटा, तोच रेक. कॅश टेबलवर तो साधारण पॉटच्या ५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि एका पॉटमागे जास्तीत जास्त किती कापायचा यालाही मर्यादा असते. फ्लॉप, म्हणजे टेबलवर उघडे पडणारे पहिले तीन सामाईक पत्ते, पडायच्या आधीच हात (एक डाव) संपला तर बहुतेक ठिकाणी रेक घेतच नाहीत.

तुमच्या नावावर जितका रेक जमा होईल तितके पॉइंट मिळतात आणि ठरावीक पॉइंट झाले की बोनसचा एक हप्ता सुटतो. थोडक्यात, बोनस म्हणजे तुम्हीच भरलेल्या रेकमधून उशिरा परत मिळणारी सूट. हे एकदा ध्यानात बसलं की पुढची बहुतेक उत्तरं आपोआप सुचतात.

रेक तर पॉटमधून जातो. त्यातला ‘माझा’ किती, हे कोण ठरवतं?

साइट ठरवते, आणि इथेच खरी मेख आहे. मोजायच्या तीन पद्धती रूढ आहेत. एक उदाहरण घ्या: सहा जणांच्या टेबलवर पॉट ४० डॉलरचा झाला आणि रेक कापला २ डॉलर. तुम्ही आणि दुसऱ्या एकाने प्रत्येकी १९ डॉलर टाकले, तिसऱ्याने २ डॉलर टाकून पत्ते फेकले आणि उरलेल्या तिघांनी काहीच टाकलं नाही.

पहिल्या पद्धतीत ज्यांना पत्ते वाटले त्या सगळ्यांमध्ये रेक सारखा वाटतात, म्हणजे प्रत्येकाच्या नावावर ३३ सेंट. पत्ते पाहून फेकून देणाऱ्यालाही तेवढेच. दुसरीत फक्त पॉटमध्ये पैसे टाकणाऱ्या तिघांत वाटणी होते, प्रत्येकी ६७ सेंट. तिसऱ्या पद्धतीत ज्याने जितके टाकले त्या प्रमाणात, म्हणजे तुम्हाला ९५ सेंट, समोरच्याला ९५ आणि ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच टाकावी लागणारी सक्तीची रक्कम) सोडून पळालेल्याला जेमतेम १० सेंट.

पहिल्या पद्धतीत अनेक टेबल उघडून, नुसते चांगले पत्ते येण्याची वाट बघत बसणारा खेळाडू मजेत बोनस सोडवत असे. साइटना ते खटकलं नसतं तरच नवल. पोकरस्टार्स या मोठ्या साइटने २०१२ च्या सुरुवातीला तिसरी पद्धत आणली तेव्हा अशा खेळाडूंनी बराच गोंधळ घातला, पण पद्धत टिकली आणि आज तीच जास्त आढळते. म्हणून दुसऱ्या कुणाचा ‘मी महिन्यात बोनस सोडवला’ हा अनुभव तुम्हाला लागू पडेलच असं नाही. तुम्ही किती हात खेळता आणि कसे खेळता यावर सगळं अवलंबून आहे.

माझा बोनस पूर्ण सुटेल की नाही, हे पैसे भरण्याआधी काढता येतं का?

येतं, आणि काढायलाच हवं. कागद-पेन घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, पण शंभरातले नव्वद जण ते करत नसावेत असा माझा संशय आहे.

आधी बोनसचा खरा दर काढा. समजा १ डॉलर रेकमागे १० पॉइंट मिळतात आणि ४०० पॉइंट झाले की १० डॉलरचा हप्ता सुटतो. म्हणजे १० डॉलर मिळवायला ४० डॉलर रेक भरावा लागतो. दर झाला २५ टक्के. जाहिरातीतले १०० टक्के डिपॉझिटच्या मोजमापाचे आहेत. तुमच्या कामाचा आकडा हा २५ आहे. दोन साइटची तुलना करायची तर याच आकड्याने करा. ६०० डॉलरचा १५ टक्के दराचा बोनस आणि २०० डॉलरचा ४० टक्के दराचा बोनस यांत कमी खेळणाऱ्याला दुसराच परवडतो.

आता पूर्ण ६०० सोडवायला किती रेक लागेल? २५ टक्के दराने २,४०० डॉलर. तुम्ही ५ आणि १० सेंट ब्लाइंडच्या टेबलवर बसता आणि १०० हातांमागे तुमच्या नावावर सरासरी ८० सेंट रेक जमा होतो असं धरू. मग २,४०० डॉलरसाठी ३ लाख हात खेळावे लागतील. बोनस सोडवायची मुदत ६० दिवसांची असेल तर रोज ५,००० हात. चार टेबल एकदम उघडून तासाला ३०० हात होत असतील, तर रोजचे साडेसोळा तासांहून जास्त. झोप, जेवण, नोकरी सोडूनच द्या.

हाच हिशोब ५० डॉलरच्या बोनसचा करून पाहा. लागणारा रेक २०० डॉलर, हात २५,०००, रोजचे सव्वाचारशेच्या आत. त्याच चार टेबलांवर हे जेमतेम दीड तासाचं काम आहे. साइट तीच, टक्केवारी तीच, तरी एक बोनस अशक्य आहे आणि दुसरा सहज जमण्यासारखा.

तुमचा १०० हातांमागचा रेक किती, हे माहीत नसेल तर आधी थोडी रक्कम भरून हजार-दोन हजार हात खेळा आणि पॉइंट किती वाढले ते बघा. मात्र त्या थोड्या रकमेवरच ‘पहिल्या डिपॉझिटचा’ बोनस खर्ची पडणार नाही ना, हे आधी अटींत पाहून घ्या.

मग पहिल्यांदा किती भरावेत? सगळे सांगतात, पहिल्या डिपॉझिटला जास्तीत जास्त भर.

सल्ला अर्धाच बरोबर आहे. पहिल्या डिपॉझिटचा बोनस एकदाच मिळतो, त्यामुळे १० डॉलर भरून तो वाया घालवला की संधी जाते, हे खरं. पण जास्त भरल्याने बोनस फक्त कागदावर मोठा होतो. मुदतीत जेवढा सुटेल तेवढाच खरा. वरच्या हिशोबातून ६० दिवसांत तुमचा नेहमीच्या खेळावर किती बोनस सुटतो ते काढा. तेवढंच भरा, किंवा किंचित जास्त. शिवाय, जी रक्कम सगळी हरली तरी घरात चणचण भासणार नाही, त्यापुढे जाऊ नका, बोनस कितीही मोठा असो.

काही साइट पहिल्या ६० दिवसांतल्या दोन-तीन डिपॉझिटवर मिळून एकच कमाल मर्यादा देतात. अशा ठिकाणी घाई कशाला? थोडे भरा, अंदाज घ्या, मग पुढचे भरा.

बोनस लवकर सुटावा म्हणून मोठ्या ब्लाइंडच्या टेबलवर बसू का?

आकडे मोह पाडतात खरे. २५ आणि ५० सेंटच्या टेबलवर १०० हातांमागे समजा ३ डॉलर रेक पडला, तर ३ लाखांऐवजी ८०,००० हातांतच ६०० डॉलर सुटतील. पण तिथे एका टेबलवर पूर्ण बाय-इन, म्हणजे बसताना सोबत न्यायची रक्कम, १० नव्हे, ५० डॉलर लागतं. चढउतार पाचपट आणि समोरचे खेळाडू जास्त तयारीचे. एका वाईट संध्याकाळी चार बाय-इन गेले तर २०० डॉलर गेले. तेवढा बोनस सोडवायला तुम्हाला त्याच टेबलवर २६ हजारांहून जास्त हात खेळावे लागतील.

मी स्वतः हे करून चुकलो आहे. एका साइटवर मुदतीचे पाच दिवस उरले होते आणि शेवटचे ४० डॉलर अडकले होते. ते सोडवायला एक पायरी वर गेलो. हप्ते सगळे सुटले, शेवटचा तर मुदत संपायच्या तासाभर आधी. त्या पाच दिवसांत ११० डॉलर हरलो होतो. मित्राला मात्र मी ‘बोनस पूर्ण सोडवला’ एवढंच सांगितलं.

मी सरासरीने हरणारा खेळाडू आहे. बोनसमुळे फायद्यात येईन का?

थोडं हरत असाल तर कदाचित. बरंच हरत असाल तर नाही. वरचंच टेबल घ्या: मोठा ब्लाइंड १० सेंटचा, १०० हातांमागे ८० सेंट रेक, २५ टक्के दर. म्हणजे बोनस तुम्हाला १०० हातांमागे २० सेंट देतो. तुम्ही १०० हातांमागे एक मोठा ब्लाइंड हरत असाल, तर १० सेंट हरून २० मिळवता. निव्वळ १० सेंट नफा. तीन ब्लाइंड हरत असाल तर बोनस धरूनही १० सेंट तोटाच. आणि मुदत संपल्यावर ते २० सेंटही बंद होतात.

मुदत संपली तर?

सुटलेलं तुमचं, न सुटलेलं रद्द. पुढच्या हप्त्याचे ९० टक्के पॉइंट झालेले असले तरी अर्धवट हप्ता बहुधा मिळत नाही. मुदत ३०, ६० किंवा ९० दिवसांची असते आणि बहुतेकदा डिपॉझिटच्या क्षणापासून सुरू होते, तुम्ही पहिल्यांदा टेबलवर बसता तेव्हापासून नव्हे. परीक्षा किंवा प्रवास तोंडावर असेल तर महिनाभराने पैसे भरा.

बोनस चालू असताना पैसे काढले तर चालतात का?

काही साइटवर चालतात, काहींवर पैसे काढल्याक्षणी उरलेला बोनस रद्द होतो. काही ठिकाणी शिल्लक मूळ डिपॉझिटच्या खाली गेली तरच रद्द होतो. काढण्याचं बटण दाबल्यावर बहुधा एक इशारा येतो. तो न वाचता ‘होय’ दाबणारे मी पाहिले आहेत.

मी फक्त टूर्नामेंट खेळतो. मलाही पॉइंट मिळतात का?

मिळतात, पण बाय-इनच्या फक्त फीवर. ‘१० + १ डॉलर’ असं लिहिलेलं असेल तर १० बक्षिसाच्या रकमेत जातात आणि १ साइटला. तुमचा रेक १ डॉलर. २५ टक्के दराने त्यातले २५ सेंट परत. फ्रीरोलवर, म्हणजे फुकट प्रवेशाच्या टूर्नामेंटवर, काहीच नाही. तिकिटाने शिरलात तर पॉइंट मिळतात की नाही, हे साइटगणिक बदलतं.

कॅसिनोचा बोनसही असाच असतो ना?

अजिबात नाही, आणि ही गल्लत महागात पडते, कारण एकाच खात्यावर दोन्ही बोनस समोर ठेवणाऱ्या साइट पुष्कळ आहेत.

कॅसिनोत बोनस बहुधा लगेच शिलकीत दिसतो, पण काढण्याआधी त्याच्या ठरावीक पट रक्कम पणाला लावावी लागते. १०० डॉलरचा बोनस आणि अट ३० पट, म्हणजे ३,००० डॉलरच्या पैजा. ज्या स्लॉट मशीनमध्ये प्रत्येक पैजेतला कॅसिनोचा सरासरी वाटा ४ टक्के आहे तिथे ३,००० वर सरासरी तोटा १२० डॉलर. बोनस १०० चा, त्यासाठीचा अपेक्षित खर्च १२० चा. अट ‘डिपॉझिट अधिक बोनस’ यांच्या ३० पट असेल तर दुप्पट खर्च. पोकरमध्ये निदान समोर माणूस असतो आणि तुम्ही त्याच्यापेक्षा बरं खेळू शकता. स्लॉटशी बरं खेळता येत नाही.

या अटींवर काही नियामकांनी लगाम घातला आहे. ब्रिटनच्या जुगार आयोगाने २०२५ साली जाहीर केलेल्या नियमानुसार ही अट बोनसच्या १० पटींपेक्षा जास्त ठेवता येत नाही. वरच्या उदाहरणात १० पट धरलं तर अपेक्षित तोटा १२० वरून ४० वर येतो.

काही कॅसिनो बोनस तर कधीच काढता येत नाहीत. ते फक्त खेळायला वापरायचे आणि पैसे काढताना शिलकीतून वजा होतात. पोकरसाठी खातं उघडलं असेल तर डिपॉझिटच्या पानावर कुठल्या बोनसवर खूण झाली आहे, ते दोनदा बघा.

रेकबॅक आणि बोनस दोन्ही मिळतात का?

रेकबॅक म्हणजे भरलेल्या रेकचा ठरावीक टक्का परत. कधी दोन्ही मिळतात, कधी बोनस सुटेपर्यंत रेकबॅक बंद. काही ठिकाणी तुम्हाला मिळालेल्या बोनसची रक्कम आधी रेकमधून वजा करतात आणि उरलेल्यावर रेकबॅक देतात. १०० डॉलर रेक, ३० टक्के रेकबॅक आणि २५ डॉलर बोनस असेल तर तुम्हाला वाटतं ५५ मिळतील. वजावटीनंतर ७५ चे ३० टक्के, म्हणजे साडेबावीस अधिक पंचवीस: साडेसत्तेचाळीस. फार फरक नाही, पण माहीत असलेला बरा.

पैसे भरले, बोनस दिसतच नाही!

बहुतेक वेळा बोनसचा कोड टाकायचा राहिलेला असतो. कोड डिपॉझिटच्या आधी किंवा डिपॉझिट करताना टाकायचा असतो. त्याशिवाय, काही साइट ठरावीक ई-वॉलेटमधून भरलेल्या पैशांवर बोनस देत नाहीत किंवा किमान रकमेची अट असते. लगेच मदतकक्षाला लिहा आणि मध्ये एकही हात खेळू नका. खेळायला सुरुवात झाल्यावर बोनस मागाहून लावून देण्यास ते बहुधा नकार देतात.

घरातल्या दुसऱ्याच्या नावाने खातं काढून पुन्हा पहिला बोनस घेतला तर?

करू नका. एक माणूस एक खाते हा नियम सगळीकडे आहे आणि बऱ्याच साइट एका घरातून एकच बोनस देतात. आयपी पत्ता, उपकरण, पैसे भरण्याचं साधन यांवरून ते लक्षात येतं, तेही बहुधा तुम्ही पैसे काढायला जाता तेव्हाच, कारण ओळखपत्राची तपासणी तेव्हा होते. बोनस तर जातोच, शिल्लकही गोठू शकते. घरात खरोखरच दोघं खेळत असाल तर साइटला आधी कळवून ठेवा.

इतके पैसे वाटून साइटला परवडतं कसं?

६०० डॉलर देण्याआधी तिने २,४०० घेतलेले असतात, शिवाय बहुतेकांचा बोनस पूर्ण सुटतच नाही. पण पैशाहून मोठं कारण टेबलांचं आहे. रिकाम्या टेबलावर कुणी बसत नाही. ६० दिवस रोज येऊन बसणारा खेळाडू पुढच्याला बसायला टेबल भरलेलं ठेवतो. जुन्या खेळाडूंना मध्येच ‘रीलोड’ बोनस मिळतात त्यामागेही हेच असतं. त्यांची टक्केवारी पहिल्यापेक्षा कमी असते, पण दर कधी कधी चांगला निघतो. वरचा हिशोब त्यालाही लावा.

मोठा बोनस देणारी साइट म्हणजे भक्कम साइट का?

उलटही असू शकतं. फुल टिल्ट पोकर एकेकाळी जगातल्या सर्वांत मोठ्या साइटपैकी एक होती आणि तिचा ६०० डॉलरचा बोनस सर्वांना पाठ होता. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने तिच्यासह तीन साइटवर कारवाई केली. त्यानंतर सरकारी वकिलांनी सांगितलं की मार्च २०११ अखेर कंपनी खेळाडूंचं सुमारे ३९ कोटी डॉलर देणं लागत होती आणि बँकेत जेमतेम ६ कोटी होते. २०१२ मध्ये पोकरस्टार्सने अमेरिकी सरकारशी तडजोड करून ती कंपनी घेतली म्हणून पैसे परत मिळायची वाट उघडली. अमेरिकेतल्या खेळाडूंना तरी ते २०१४ पर्यंत मिळाले नव्हते.

म्हणून बोनसच्या आधी परवाना कुणाचा आहे आणि खेळाडूंचे पैसे कंपनीच्या पैशांपासून वेगळ्या खात्यात ठेवणं बंधनकारक आहे का, हे बघा.

हे सगळं कायदेशीर आहे का?

देशावर अवलंबून. अमेरिकेत २००६ च्या कायद्याने बेकायदा ऑनलाइन जुगारासाठीचे पैशांचे व्यवहार रोखले, पुढे २०१३ पासून नेवाडा, न्यू जर्सीसारख्या मोजक्या राज्यांनी परवाने दिले. ब्रिटनमध्ये परवाना घेऊन चालतं. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने पैशांवरचे ऑनलाइन खेळ देण्यास, त्यांची जाहिरात करण्यास आणि त्यांचे व्यवहार हाताळण्यास मनाई केली आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा फरक त्यात धरलेला नाही. तुमच्या देशात मनाई असेल आणि तरीही एखादी परदेशी साइट बोनस देऊ करत असेल, तर पैसे अडकल्यावर दाद मागायला जागा नाही हे धरून चाला.

बोनसच्या मागे लागून मी ठरवल्यापेक्षा जास्त खेळतोय असं वाटतंय. काय करू?

साइटच्या सेटिंगमध्ये डिपॉझिटची मर्यादा आणि वेळेची मर्यादा लावता येते. परवानाधारक साइटवर ती वाढवायची तर काही काळ थांबावं लागतं, कमी मात्र लगेच होते. त्याहून पुढचं पाऊल म्हणजे स्वतःलाच खात्याबाहेर ठेवणं. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप ही एकच नोंदणी तिथल्या सगळ्या परवानाधारक साइटना लागू होते. उरलेला बोनस त्यात बुडेल. बुडू द्या. तो तुमच्या खिशात कधी आलाच नव्हता.

बोनस नकोच असेल तर नाकारता येतो का?

येतो. डिपॉझिट करताना खूण काढून टाका किंवा मदतकक्षाला रद्द करायला सांगा. पोकरच्या प्रलंबित बोनसने मूळ पैसे अडकत नसल्यामुळे तो नाकारून फारसं काही साधत नाही. पडून राहील आणि मुदत संपली की जाईल. कॅसिनोचा बोनस मात्र डिपॉझिटलाही अटीत बांधत असेल, तर पहिली पैज लावायच्या आधीच रद्द करून घ्या आणि रद्द झाल्याचं उत्तर जपून ठेवा.